दगडावरची सोडलेली ओळ

आमच्या गावच्या स्मारकावर माझ्या थोरल्या भावाचं नाव आहे. ते तिथं असायला नको होतं, निदान तेव्हा तरी नको होतं, आणि ते मी लिहिलं. नजरचुकीनं नाही. विचारून ये म्हणून मला पाठवलं होतं. मी विचारलं नाही, आणि परत येऊन विचारलं म्हणून सांगितलं. गोष्ट एवढीच आहे. पण त्या एका खोट्याखाली आमच्या घरातली दोन माणसं दबून राहिली, आणि त्यांतलं एक तर खरं न कळताच गेलं. आता मी पंचावन्नी ओलांडली आहे, नोकरीचे थोडे दिवस उरलेत, मुलं पुण्याला आहेत आणि बोलायला घरात फारसं कुणी नाही. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. स्वतःला सोडवून घ्यायला लिहितोय का, असं मी मलाच बऱ्याचदा विचारलं. तसंही असेल.

आमचं गाव साताऱ्याहून वाईकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, कृष्णेच्या काठावर. आई मी शाळेत असतानाच गेली. घरात आम्ही चौघं: सुभेदार होऊन परतलेले वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, पलटणीत असलेला थोरला भाऊ नामदेव, म्हणजे दादा, त्याची बायको शालनवहिनी, आणि मी वसंता, दादापेक्षा सात वर्षांनी धाकटा. दादा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, त्यामुळं खरं म्हणजे तिघंच. आणि त्या तिघांतही बोलणं असायचं ते माझ्याशी. कारण आमच्याकडे सासरा आणि सून समोरासमोर बोलत नसत. भांडण नव्हे, रीतच तशी. आबा सोप्यात, म्हणजे ओसरीवर, आले की वहिनी पदर पुढे ओढून आत सरायची, आणि ती बाहेर यायच्या आधी बांगड्या वाजवायची, म्हणजे आबांनी मान दुसरीकडे करावी. घरात एखादी सासू असती तर निरोप तिच्यातून गेले असते. सासू नव्हती, म्हणून ते माझ्यातून जात. "वहिनीला म्हणावं, उद्या मला साताऱ्याला जायचंय, भाकरी लवकर टाका." "मामंजींना सांगा, गूळ सरलाय." दोघांमध्ये एक भिंत असायची, मध्ये मी उभा, आणि दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत असताना मी ते पुन्हा एकदा मोठ्यानं सांगायचो.

मी घरी नसलो की आबा गोठ्यातल्या खोंडाशी बोलायचे. "काय रं खोंडा, आज च्या मिळायचा का न्हाई?" आतून उत्तर यायचं, "खोंडाला म्हणावं दूध नासलंय, बिनदुधाचा चालंल का?" आणि आबा खोंडाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "चालतंय म्हनतोय." दादा सुट्टीवर आला की या प्रकाराला पोट धरून हसायचा. म्हणायचा, "आबा, खोंडाला आता लान्सनाईक करा. लय निरोप्याचं काम करतंय." वहिनी आत तोंडाला पदर लावून हसायची, ते बांगड्यांवरून कळायचं. चहाचं, गुळाचं, वैरणीचं खोंडाकडून भागायचं. त्यापेक्षा मोठं काही असलं की मीच लागायचो.

बांगलादेशच्या लढाईत दादा पश्चिमेच्या आघाडीवर होता. लढाई लवकर संपली, गावात पेढे वाटले गेले, आणि त्यानंतर आमच्याकडे तार आली. बेपत्ता. मेला असं नव्हतं, जखमी असंही नव्हतं. पुढं कैदेतले जवान परत आले, त्यांच्या बातम्या आबांनी रेडिओला कान लावून ऐकल्या, पलटणीला पत्रं घातली. त्यांत दादा नव्हता. तरीही पलटणीच्या पत्रात शब्द तोच होता, बेपत्ता. आबांनी ती पत्रं ट्रंकेत ठेवली आणि त्याविषयी घरात कुणी काही बोलेनासं झालं. वहिनीनं कुंकू पुसलं नाही, आणि ते पुस असं तिला म्हणायची कुणाची हिंमतही नव्हती. ती रोज संध्याकाळी चुलीपुढं बसून भाकरी थापायची, आणि आमच्या झाल्या की शेवटची एक दादाच्या नावाची थापायची. ती भाकरी टोपल्यात फडक्याखाली राहायची. सकाळी ती शिळी झालेली भाकरी दह्यात कुस्करून, वर मिरचीचा खर्डा घेऊन मी खायचो, कारण टाकायची कशी? दुष्काळात रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल, चिकट भाकरी खायची वेळ आली, सरकारनं वाटलेल्या सुकडीवर दिवस काढले, तेव्हाही ही जास्तीची एक भाकरी चुकली नाही. भावाच्या वाट्याची भाकरी मी दोन वर्षं खाल्ली. तिची चव मला अजून आठवते. त्या घासाबरोबर जो राग माझ्यात साचत होता, तोही आठवतो. राग कुणावर, ते मला सांगता आलं नसतं.

त्यात मी भरतीत नापास झालेला. साताऱ्याला रांगेत उभा राहिलो, धावलो चांगला, पण छातीच्या मापात कमी पडलो. आमच्यासारख्या गावात हे लपत नाही. पारावर पोरं म्हणायची, "आरं गड्या, छाती न्हाई तर न्हाई, पोट तरी फुगवून दाखव!" आबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी साताऱ्याला कॉलेजला जायचो, संध्याकाळच्या एसटीनं परत यायचो, आणि घरात रेडिओचा आवाज, बांगड्यांचा आवाज, खोंडाच्या गळ्यातल्या घुंगराचा आवाज, एवढंच. माझ्याशी सगळे बोलायचे ते दुसऱ्याला सांगण्यासाठी. माझ्यासाठी म्हणून कुणी काही बोललंय, असं त्या दोन वर्षांत झालेलं आठवत नाही.

दुष्काळ सरल्यावर गावानं स्मारक बांधायचं ठरवलं. चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळची एक संगमरवरी पाटी होती. या गावातून मोठ्या लढाईला इतके गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत, असं तिच्यावर होतं. आकडे होते, नाव एकाचंही नव्हतं. पेन्शनीत आलेल्या म्हाताऱ्यांना ते कायम सलायचं. आबा सभेत म्हणाले, "मेंढरं मोजल्यागत मोजलंय. आपल्या दगडावर नावं पायजेत." पहिल्या महायुद्धापासून अगदी आत्ताच्या लढाईपर्यंत सगळ्यांची नावं लिहायची ठरलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून यादीचं काम माझ्याकडं आलं. मला आयुष्यात पहिल्यांदा गावानं काहीतरी दिलं होतं.

ते काम मी जीव लावून केलं, हे मला इथं मुद्दाम सांगायचं आहे. घरोघर, वाडीवस्तीवर फिरलो. म्हाताऱ्या बायका चिंधीत बांधलेली पदकं काढून आणायच्या. एका घरी तर पदक पोराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात होतं, दृष्ट लागू नये म्हणून. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये, बसऱ्याला मेलेल्या एकाच्या नावासाठी फार वणवण झाली. त्याच्या घरी विचारलं तर नातू म्हणाला, "आमच्यात त्येला बसऱ्याचा आजा म्हनत्यात."

"नाव काय पण?"

"नाव कुनाला ठावं? बसऱ्याला गेला, तकडंच ऱ्हायला, म्हनून बसऱ्याचा."

पुढं सुगीला बैलावर बसून हेळवी आला. आमच्या भागात घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ सांगणारे आणि वहीत लिहून ठेवणारे हे लोक. त्याच्यामागं मी दोन दिवस तीन गावं फिरलो, आणि त्याच्या जुन्या वहीत बसऱ्याच्या आज्याचं नाव सापडलं: गेनू. साठ वर्षांपूर्वी मेलेल्या अनोळखी माणसाच्या नावासाठी मी तीन गावं तुडवली. आणि माझ्या सख्ख्या भावाच्या नावासाठी सोप्यातून चुलीपर्यंत जी वीस पावलं चालायची होती, ती मला जमली नाहीत.

यादीच्या शेवटी प्रश्न आला तो दादाचा. कुणी म्हणालं घाला, कुणी म्हणालं बेपत्ता माणसाला कसं घालता. सगळे आबांकडे बघायला लागले. आबा म्हणाले, "शेवटची एक वळ सोडा. सूनबाईला इचारतो. तिचं कुंकू हाय, माझं काय त्यात? ती व्हय म्हनली तरच लिवायचं." घरी येताना वाटेत मला म्हणाले, "वसंता, आज तू इचार तिला. नीट इचार. घाई करू नगंस. न्हाई म्हनली तर न्हाई."

मी आत गेलो. वहिनी चुलीपुढं होती. हुलग्याचं माडगं उकळत होतं, परातीत पीठ होतं, आणि आमच्या भाकऱ्या होऊन ती शेवटची थापत होती. तव्यावर भाकरी टाकून तिनं वर पाणी फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. "काय हो भावजी? मामंजींनी काय सांगितलं?" मी उभा राहिलो. त्या भाकरीकडं बघत राहिलो. आणि मला वाटलं, हिला विचारलं तर ही नाही म्हणेल, आणि ही भाकरी उद्याही होईल, परवाही होईल, मी म्हातारा होईपर्यंत हे असंच चालेल. मला ते संपायला हवं होतं. दादा मेला असता तर बरं, असं नव्हे. पण त्याच्या नसण्याला काहीतरी शेवट असावा, आणि मग या घरात कुणीतरी माझ्याकडं बघावं, असं मला वाटलं. मी म्हणालो, "काही नाही. पाणी द्या जरा." तिनं तांब्या दिला. मी प्यालो आणि बाहेर आलो.

आबा रेडिओपाशी बसले होते. "काय म्हनली?"

"हो म्हणाली."

आबांनी हात पुढं करून रेडिओ बंद केला. बातम्या चालू होत्या, त्या मध्येच थांबल्या. म्हणाले, "मला वाटलं हुतं, न्हाई म्हनंल." मग, "बरं. ती म्हनती तर तसं." तेव्हा माझ्या लक्षात आलं की आबांनी तिला विचारायला सांगितलं ते तिनं नाही म्हणावं म्हणून. तिचा धीर बघून त्यांचा धीर होता. तेव्हाही मला सांगता आलं असतं. सोपा ते चूल वीस पावलं. सांगितलं नाही.

दगड काळा होता, चावडीच्या आवारात आडवा ठेवलेला. यल्लाप्पा नावाचा पाथरवट, सीमेकडचा, त्याच्या मराठीत कानडी वळण. त्याला वाचता येत नव्हतं. मी खडूनं दगडावर अक्षरं काढायची आणि त्यानं त्याच रेघांवरून छिन्नी चालवायची, अशी कामाची पद्धत. तो म्हणायचा, "तुम्मी काढता, मी खोदतो. चुकलं तर तुमचं चुकलं बघा, माझं नव्हं." सोडलेल्या ओळीत मी दादाचं नाव काढलं तेव्हा त्यानं विचारलं, "ह्ये तुमचंच घर की काय?" मी हो म्हणालो. त्यानं छिन्नी खाली ठेवली, हात जोडले आणि मग कामाला लागला. चावडी आमच्या घरापासून लांब नव्हती. छिन्नीचा आवाज घरात यायचा. संध्याकाळी घरी आलो तर वहिनी म्हणाली, "आज लय येळ ठोकाठोक चालली हुती. कुनाचं नाव हुतं?" मी म्हणालो, बघायला गेलो नव्हतो. चावडीकडं बायका जात नसत. अनावरणापर्यंत दगडावर पोतं होतं.

अनावरणाला साताऱ्याहून एक निवृत्त अधिकारी आले. नावं मी कर्ण्यावर वाचली. गेनूचं नाव वाचलं तेव्हा बसऱ्याच्या आज्याचा नातू मोठ्यानं म्हणाला, "आला बघा आमचा आजा!" आणि लोक हसले. शेवटचं नाव वाचताना मी बायकांकडं बघितलं नाही. पण बोलणं थांबलेलं ऐकू आलं. मग मान वर केली. सगळ्या बायका वहिनीकडं बघत होत्या आणि वहिनी आबांकडं बघत होती. पदर डोक्यावरून मागं गेला होता. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासऱ्याच्या तोंडाकडं सरळ बघितलं असेल ते तेव्हाच. आबांची मान खाली होती. ती रडली नाही. उठली, पदर घेतला आणि एकटी घराकडं चालायला लागली.

पुढं संक्रांत आली. आमच्या दारावरून सुगडं घेऊन बायका न थांबता गेल्या. वहिनी उंबऱ्याच्या आत कुंकू लावून, बांगड्या भरून उभी होती. पलीकडच्या पारूबाई तिच्या कपाळाकडं बघत दुसरीला म्हणाल्या, "दगडावर नाव आनि कपाळावर कुकू. अशानं कसं व्हायचं गं बाई?" हळू नाही, ऐकू जाईल असं. त्या संध्याकाळी वहिनीनं आमच्या तिघांपुरत्याच भाकऱ्या केल्या, दादाची केली नाही. मग मला घरामागच्या परड्यात बोलावून विचारलं, "भावजी, एकच सांगा. नाव मामंजींनीच घालाया सांगितलं ना?"

मी मान हलवली. तोंडानं हो म्हणालो नाही, आणि एवढ्यावरून बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घातली की आपण तिच्याशी खोटं बोललो नाही.

आठ दिवसांत तिचा भाऊ सांगलीहून येऊन तिला घेऊन गेला. आबांनी मला विचारलं, "का चाललीय, इचारलंस का?" मी म्हणालो, माहेरची आठवण येते म्हणाली. "बरोबर हाय," आबा म्हणाले, "तिनं तरी किती वाट बघायची. तिनं मनातनं सोडलं, आता हितं काय हाय तिचं." ती एसटीला निघाली तेव्हा आबा गोठ्यात होते. खोंडाशी ते एक शब्द बोलले नाहीत, आणि तिनंही बांगड्या वाजवल्या नाहीत.

आबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. मी साताऱ्याला कचेरीत चिकटलो होतो, शनिवारी गावी जायचो. आबा स्वतः भाकरी थापायला शिकले, जाड, कडा फाटलेल्या. आम्ही दोघं समोरासमोर जेवायचो. आता मधला निरोप्या लागत नव्हता, आणि बोलायलाही काही नव्हतं. एकदा ते म्हणाले, "पोरगी चांगली हुती. पर लवकर व्हय म्हनली." आबा गेले तेव्हा सांगलीला निरोप धाडला. वहिनी मातीला आली नाही. गावानं नावं ठेवली, आणि मी ती ऐकून घेतली.

मागच्या वर्षी नव्या सरपंचानं स्मारक पुन्हा बांधायला काढलं. पावसानं जुनी अक्षरं झिजलीत, आता ग्रॅनाइट बसवायचा. जुनी यादी माझी, म्हणून मला बोलावलं. आता प्रत्येक नावासाठी जवळच्या वारसाची सही लागते. ग्रामपंचायतीतला पोरगा सहज म्हणाला, "काका, तुमच्या भावासाठी काकूंची सही आणा, झालं." फॉर्म महिनाभर टेबलावर पडून होता. मग एके दिवशी सकाळच्या एसटीनं सांगलीला गेलो.

वहिनी मार्केट यार्डाच्या मागं भावाच्या घरालगतच्या खोलीत राहते. पंचवीस वर्षं तिनं यार्डात हळद निवडली. हाताच्या रेघांत पिवळं आहे, ते आता जात नाही. साठी उलटलीय. कपाळावर कुंकू होतं, गळ्यात काळे मणी. इथं कुणी आमचा दगड बघितलेला नाही. तिनं मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा टाकला. मुलांची चौकशी केली. मी फॉर्म काढला, सगळं सांगितलं, आणि ती म्हणाली, "आता कशाला इचारता? तवा मामंजींनी इचारलं हुतं व्हय?"

मी म्हणालो, "विचारलं होतं. तुम्हाला विचारायला मला पाठवलं होतं. मी आलो, पाणी प्यालो आणि परत गेलो. आबांना सांगितलं, तुम्ही हो म्हणालात."

गॅसवर चहा उतू गेला. तिनं उठून गॅस बंद केला आणि पाठमोरीच उभी राहिली. तशीच म्हणाली, "म्हंजी मामंजी जाईस्तवर समजून ऱ्हायले, का मी त्येंच्या ल्योकाला मेला म्हनले?"

"हो."

"आनि मी त्येंच्या मातीला गेले न्हाई. म्हनलं, ज्यानं माझं कुकू दगडावर पुसलं त्याला कशाला बघू." ती खाली बसली. "भावजी, तो मानूस माझ्याशी कवा एक शबुद बोलला न्हाई. पर लय माया हुती हो त्येंची. मला ठावं हुतं. आनि म्या कसं धरलं मनात असलं..."

मी खुर्चीवरून उठून तिच्या पायाशी वाकलो. तिनं पाय मागं ओढून घेतले.

"पाया पडू नगा. सहीचं मागनं बघू. आधी तोंडानं सांगा. मान हलवू नगा, तोंडानं."

मी जमिनीवर बसलो, तिच्या समोर. म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं. आबांनी नाव घातलं नाही, मी घातलं. तुम्ही कधीच हो म्हणाला नव्हता. दोघांशी खोटं बोललो, आणि आबांना सांगायचं राहून गेलं. मला माफ करा."